झाकली मूठ, उघडा हात





एका ठरावीक धाटणीची इमेल हल्ली आपल्या सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. विषयाच्या ओळीत ‘तातडीची मदत हवी’ असे शब्द असतात. आत मजकूर साधारण असा : लेकीच्या बाळंतपणासाठी आलेल्या आईला पक्षाघाताचा झटका आला, ती आयसीयूत आहे, व्हिजिटर इन्शुरन्सने हात वर केले. किंवा नुकतंच एम.एस. संपवून नोकरी शोधणाऱ्या मुलाच्या गाडीला अपघात झाला. किंवा एच-१बी वर आलेला पस्तिशीतला गृहस्थ हृदयविकाराने गेला, मागे बायको आणि दोन लहान मुलं. शेवटी एक दुवा, एक आकडा आणि ‘कृपया पुढे पाठवा’. आपण पन्नास डॉलर देतो, दहा जणांना पुढे पाठवतो, मनाला जरा बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतो.

यात वाईट काहीच नाही. पन्नास डॉलर देणाऱ्याला नावं ठेवायला हा लेख लिहिलेला नाही. पण असं पत्र महिन्याला एकदा येऊ लागलं की ते एका घरापुरतं संकट राहत नाही. ती एक व्यवस्था होते, किंवा खरं तर व्यवस्थेचा अभाव. त्याकडे भावनेच्या भरात न पाहता जरा शांतपणे पाहावं, म्हणून हे संपादकीय.

आधी मागण्याबद्दल. मराठी मध्यमवर्गाला मागायची लाज फार. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही आपली शिकवण. घरात काय शिजतं ते शेजाऱ्याला कळू नये आणि अमेरिकेत काय शिजतं ते तर गावाकडे मुळीच कळू नये. मुलगा अमेरिकेत आहे म्हणजे सगळं उत्तम, हे चित्र टिकवायला माणसं क्रेडिट कार्डं भरभरून वापरतात, ४०१(के) मोडतात, पण तोंड उघडत नाहीत. उघडतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. बिल वसुली कंपनीकडे गेलेलं असतं, सवलतीचा अर्ज करायची मुदत टळलेली असते.

पण अमेरिकेतल्या मराठी माणसाच्या इतिहासाची सुरुवातच एका मदत मागणाऱ्या पत्राने झाली आहे, हे विसरून चालणार नाही. आनंदीबाई जोशींच्या शिक्षणासाठी मदत मिळावी म्हणून गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. वाइल्डरांनी ते प्रिन्स्टनहून निघणाऱ्या आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’मध्ये छापलं आणि सोबत सल्लाही दिला, की आधी ख्रिस्ती व्हा. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी १८८० मध्ये दंतवैद्याकडे आपला नंबर यायची वाट पाहत असताना ते अंक चाळले, पत्र वाचलं आणि कोणतीही अट न घालता मदतीचा हात पुढे केला. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर कॉलेजात त्यांनी आपण अमेरिकेला का जातो आहोत यावर जाहीर भाषण केलं, त्यानंतर हिंदुस्थानातून ठिकठिकाणाहून वर्गणी आली. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाल्या.

ही कथा आपण अभिमानाने सांगतो, पण तिचे दोन पैलू सहसा सांगत नाही. एक म्हणजे मदतीबरोबर येणारी अट. एकाने मागणाऱ्याला आधी धर्म बदलायला सांगितला, दुसरीने काहीच मागितलं नाही. दुसरा पैलू म्हणजे योगायोग. कार्पेंटरबाई त्या दिवशी दंतवैद्याकडे गेल्या नसत्या तर? एका बाईचं अवघं आयुष्य कुणाच्या तरी दाढदुखीवर अवलंबून राहिलं. आजच्या इंटरनेटवरच्या मदतफेऱ्यांमध्ये या दोन्ही गोष्टी जशाच्या तशा आहेत. मागणाऱ्याने आपण मदतीला ‘लायक’ आहोत हे सिद्ध करायचं आणि मग नशिबाची वाट पाहायची.

आता आजच्या अमेरिकेकडे वळू. अचानक आलेला ४०० डॉलरचा खर्च तुम्ही रोख पैशातून भागवू शकाल का, असा प्रश्न फेडरल रिझर्व्ह दरवर्षी आपल्या पाहणीत विचारते. २०१३ मध्ये निम्मेच लोक ‘हो’ म्हणाले होते, २०२४ मध्ये ६३ टक्के. म्हणजे जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात आजही तीनातल्या एकाहून अधिक प्रौढांना ४०० डॉलरसाठी उधारी, क्रेडिट कार्ड किंवा कुणाचा तरी हात धरावा लागतो. इथे आयसीयूतल्या एका रात्रीचं बिल त्याच्या कित्येक पट होतं.

या फटीत २०१० मध्ये गोफंडमी ही कंपनी उभी राहिली. तिच्यासारख्या ठिकाणी लोक मुख्यतः कशासाठी पैसे मागतात? शिक्षण, अंत्यविधी, घराला लागलेली आग आणि फार मोठ्या प्रमाणावर आजारपण. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीचे प्रमुख टिम कॅडोगन यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून काँग्रेसला बजावलं, की लोकांच्या मूलभूत गरजा भागवणं हे सरकारचं काम आहे, ते आमच्या कंपनीवर सोडू नका. दुकानदारानेच गिऱ्हाइकाला ‘इथे यायची वेळ तुमच्यावर यायला नको होती’ असं सांगावं, तसा हा प्रकार.

शिवाय या दुकानात माल सगळ्यांना मिळत नाही. नोरा केनवर्दी आणि मार्क इग्रा या अभ्यासकांनी २०१६ ते २०२० या काळातल्या ४,३७,५९६ वैद्यकीय आवाहनांची छाननी केली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मागितलेली पूर्ण रक्कम मिळालेली आवाहनं १२ टक्क्यांहूनही कमी होती. २०२० मध्ये १६ टक्के आवाहनांना एक डॉलरही मिळाला नव्हता. जिथे विमा नसलेले आणि वैद्यकीय कर्जात बुडालेले लोक जास्त, तिथून आवाहनं जास्त येतात, पण पैसे कमी जमतात. सुखवस्तू आणि शिकलेल्या वस्तीत पैसे अधिक जमतात. कारण उघड आहे. माणूस आपल्या ओळखीच्यांकडे मागतो आणि गरिबाच्या ओळखीचे बहुधा गरीबच असतात.

हे आपल्या समाजालाही तंतोतंत लागू आहे. कॅलिफोर्नियातल्या एखाद्या मोठ्या कंपनीत काम करणारा आपला इंजिनिअर गेला, तर त्याच्या कॉलेजचे जुने विद्यार्थी, सहकारी, ढोल-ताशा पथक, महाराष्ट्र मंडळ सगळे धावून येतात. यायलाच हवं. पण हॉटेलच्या भटारखान्यात राबणारा, गॅस स्टेशनवर रात्रपाळी करणारा, घरोघरी पोळ्यांच्या ऑर्डरी पुरवणारी, दुसऱ्यांची मुलं सांभाळणारी, व्हिसाची मुदत उलटून गेल्यामुळे नाव सांगायलाही घाबरणारी माणसंही मराठीच बोलतात. त्यांचं इंग्रजी सफाईदार नसतं, फोटो नीटनेटके नसतात, मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांना ओळखणारं कुणी नसतं. आडनावाचाही हिशोब होतो. उघडपणे होत नाही, पण ‘हे आपल्यातले का?’ या प्रश्नामागे काय दडलेलं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. मदत ओळखीच्या वाटेने जाते आणि आपल्या ओळखी जातीच्या, वर्गाच्या, व्हिसाच्या वाटेनेच झालेल्या असतात. तेव्हा ‘आमचा समाज किती दानशूर’ असं म्हणण्यापूर्वी कुणाची पत्रं आपल्यापर्यंत पोहोचलीच नाहीत, हे विचारायला हवं.

आणखी एक गोष्ट बोचते. मदत मिळवण्यासाठी माणसाला आपलं दुःख मांडून ठेवावं लागतं. नळ्या लावलेल्या आईचा फोटो, मुलाच्या अंगावरची जखम, नवऱ्याच्या आजाराचं नाव, सगळं अनोळखी लोकांपुढे. त्या आईला कुणी विचारलेलं नसतं. ती बरी होऊन सांगलीला परत गेल्यावरही तो फोटो इंटरनेटवर राहतो. ज्याला अधिक चांगलं रडता येतं त्याला अधिक मिळतं, ही रीत माणुसकीची म्हणता येणार नाही.

मग करायचं काय? पहिली पायरी ही, की लोकांपुढे हात पसरण्याआधी जे हक्काचं आहे ते मागून घ्यायचं. त्याची माहिती नसल्यामुळे लोक दानावर विसंबतात. काही गोष्टी इथे नोंदवून ठेवतो.

इमर्जन्सीत आलेल्या रुग्णाला तपासणं आणि त्याची प्रकृती स्थिर करणं हॉस्पिटलवर १९८६ च्या कायद्याने बंधनकारक आहे, मग त्याच्याकडे पैसे, विमा वा कागदपत्रं असोत-नसोत. बिल मात्र येतंच. ते आलं की घाबरून क्रेडिट कार्डावर टाकू नये. कार्डावर टाकलं की ते वैद्यकीय देणं राहत नाही, साधं कर्ज होतं, आणि घासाघीस करायची जागाच संपते. आधी बाबवार बिल मागून घ्यावं आणि एकेक ओळ तपासावी. अमेरिकेतली निम्म्याहून अधिक सर्वसाधारण हॉस्पिटलं ना-नफा तत्त्वावरची आहेत. २०१० च्या आरोग्य कायद्यानुसार अशा प्रत्येक हॉस्पिटलला आर्थिक साहाय्याचं लेखी धोरण ठेवावं लागतं. हॉस्पिटलमधून घरी आल्यावरचं पहिलं बिल मिळाल्यापासून २४० दिवसांपर्यंत तो अर्ज करता येतो आणि पहिले १२० दिवस हॉस्पिटल कोर्टकचेरीसारखी कडक वसुली सुरू करू शकत नाही. कुणाला किती सवलत द्यायची ते ज्याचं त्याचं धोरण ठरवतं. काही ठिकाणी परगावचे पाहुणे बसत नाहीत, काही ठिकाणी बसतात. विचारल्याशिवाय कळत नाही.

विमा नसलेल्या माणसाला ठरवून करायच्या उपचाराचा अंदाजे खर्च आधी लेखी मिळण्याचा हक्क १ जानेवारी २०२२ पासून आहे. प्रत्यक्ष बिल त्याहून ४०० डॉलर किंवा अधिक वाढलं तर १२० दिवसांत तक्रार करता येते. तिन्ही मोठ्या क्रेडिट कंपन्या एक वर्षाच्या आतलं आणि ५०० डॉलरच्या खालचं वैद्यकीय देणं आपल्या अहवालात दाखवत नाहीत. म्हणजे धमकीचं पत्र आलं म्हणून त्याच रात्री दागिने गहाण टाकायची गरज नसते. हातात थोडा वेळ असतो, तो कामी लावायचा.

नोकरी गेली तर एच-१बी वाल्याला या देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवड मिळते, हे आपल्याला पाठ आहे. पण वीस किंवा अधिक माणसांच्या कंपनीचा विमा ‘कोब्रा’ कायद्याखाली स्वतःच्या खर्चाने चालू ठेवायचा की नाही हे ठरवायलाही साधारण ६० दिवस मिळतात, आणि मधल्या काळात कुणी आजारी पडलं तर मागच्या तारखेपासून तो विमा घेता येतो, हे फार थोडे जण लक्षात ठेवतात. हप्ता जबर असतो, पण आयसीयूपुढे तो काहीच नाही.

घरातला कमावता माणूस गेला तर एच-४ वरच्या कुटुंबाचा पगार, विमा आणि इथे राहण्याचा आधार हे तिन्ही एकदमच कोसळतात. अशा वेळी दोन दारं ठोठवावीत. पहिलं सोशल सिक्युरिटीचं. एच-१बी वाल्याच्या पगारातूनही तो कर कापला जातो. गेल्या तीन वर्षांत दीड वर्षाच्या कामाची नोंद असली तरी लहान मुलांना आणि त्यांना सांभाळणाऱ्या जोडीदाराला मासिक रक्कम मिळू शकते. देश सोडल्यावर नियम बदलतात, म्हणून चौकशी निघण्यापूर्वी करावी. दुसरं दार भारतीय वकिलातीचं. २००९ मध्ये भारत सरकारने इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड सुरू केला. अडचणीत सापडलेल्या भारतीय नागरिकाचे तातडीचे उपचार, मायदेशी परतण्याचा विमानखर्च, पार्थिव घरी नेण्याचा खर्च अशा कामांसाठी तो आहे आणि गरज पाहून दिला जातो. पासपोर्टसारख्या कामाला आपण वकिलातीत जातो तेव्हा शुल्काबरोबर या फंडासाठी थोडी रक्कम आपल्याकडूनच घेतली जाते. तेव्हा तिथे मागणं म्हणजे भीक नव्हे.

आणि येणाऱ्या आई-वडिलांबद्दल. टूरिस्ट व्हिसावर आलेल्यांना मेडिकेअर मिळत नाही. ग्रीन कार्ड मिळालेल्या पासष्टीच्या पुढच्या आई-वडिलांनाही, इथे सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय ती विकतसुद्धा घेता येत नाही. त्यामुळे सगळी भिस्त व्हिजिटर इन्शुरन्सवर. त्याचे दोन प्रकार असतात. एकात प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कमच मिळते आणि उरलेला डोंगर आपल्यावर. दुसऱ्यात खर्चाच्या प्रमाणात भरपाई मिळते. पहिला स्वस्त, म्हणून खपतो. आधीपासूनच्या आजाराबद्दलचं कलम तर प्रत्येकाने चष्मा लावून वाचावं. ‘अचानक उद्भवलेला’ त्रास भरून देऊ असं कंपनी म्हणते, तेव्हा ‘अचानक’ म्हणजे काय, किती तासांत उपचार घ्यायचे आणि कोणत्या वयापर्यंत, हे तिथेच लिहिलेलं असतं. बाबांना मधुमेह आहे हे विमान सुटण्यापूर्वी आपल्याला ठाऊक असतं. ते कलमही तेव्हाच वाचायला हवं.

एवढं सगळं करूनही काही घरांचं भागणार नाही. म्हणून दुसरी पायरी. पत्राला पन्नास डॉलर देणं आणि कायमची सोय लावणं यांत फरक आहे, आणि तो फरकही आपल्याच इतिहासात आहे. आनंदीबाईंच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्यानंतर त्या अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षं हिंडल्या, बोलल्या, पुस्तक लिहिलं. पण त्या एखाद्या कार्पेंटरबाईची वाट पाहत बसल्या नाहीत. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. गावोगावी ‘रमाबाई सर्कल’ निघाली, त्यांच्या सभासदांनी वर्षाला एक डॉलर याप्रमाणे दहा वर्षं देण्याचं कबूल केलं. त्या पैशांवर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. हिशोब, समिती, मुदत, उद्देश सगळं लेखी होतं. तरीही धर्माबाबत तटस्थ राहण्याच्या प्रश्नावरून पुढे वाद पेटला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. म्हणजे नियम लिहिले म्हणून भांडणं टळतात असं नाही. पण दहा वर्षं दर वर्षी एक डॉलर देणारी हजार माणसं आणि एकदाच कळवळून शंभर डॉलर देणारी दहा माणसं, यांत संस्था कशावर उभी राहते ते स्पष्ट आहे.

मुंबईच्या गिरणगावातही हेच होतं. कोकणातून, साताऱ्याहून आलेले गिरणी कामगार गावकीच्या खोल्यांत राहत, खानावळीत जेवत आणि गावच्या मंडळात महिन्याची वर्गणी भरत. कुणी आजारी पडला, कुणाचं मयत झालं, कुणाला तातडीने गावी जायचं असलं, की त्या पेटीतून पैसे निघत. त्यासाठी कुणाला फोटो लावावा लागत नसे. बायकांच्या भिशीची हीच रीत. आज तुझी पाळी, उद्या माझी. घेणारी लाजत नाही, कारण ती देणारीही असते. आपल्याआधी या देशात आलेल्यांनीही हेच केलं. न्यूयॉर्कमध्ये गरीब ज्यू निर्वासितांसाठी १८९२ मध्ये सुरू झालेली हिब्रू फ्री लोन सोसायटी आजही बिनव्याजी कर्ज देते.

आमचा प्रस्ताव साधा आहे. ज्या गावात आपले वीस-पंचवीस वाचक आहेत तिथे त्यांनी एक छोटा आपत्ती निधी उभारावा. महिन्याला दहा डॉलर. पंचवीस माणसांचे वर्षाला तीन हजार होतात. आयसीयूचं बिल त्यातून फिटणार नाही. पण घरभाडं, विमानाचं तिकीट, कोब्राचा एक हप्ता, वकिलाची पहिली फी नक्की भागते, आणि बहुतेक घरं पहिल्या महिन्यात याच खर्चांनी मोडतात. काही भाग परत न घेण्याच्या मदतीसाठी ठेवावा, काही बिनव्याजी उसन्यासाठी. निर्णय तिघांनी घ्यावा, तीन दिवसांत घ्यावा आणि घेणाऱ्याचं नाव त्या तिघांपलीकडे जाऊ नये. दर तीन महिन्यांनी हिशोब सगळ्यांना कळावा, नावं कुणालाच नाही. मंडळाचा सभासद असण्याची अट नको. व्हिसा, जात, धर्म, आडनाव विचारायचं नाही. मराठी येतं का, हेही विचारायची गरज नाही.

पैशांइतकंच मोलाचं आणखी एक काम आहे. आपल्यात डॉक्टर, नर्स, मेडिकल बिलिंग जाणणारे, वकील, सोशल वर्कर भरपूर आहेत. दर गावी दोन ‘बिल वाचणारे सोबती’ मिळाले, की जे अडचणीतल्या माणसाबरोबर बसून ते बाबवार बिल तपासतील, सवलतीचा अर्ज भरतील, हॉस्पिटलशी फोनवर बोलतील, तर गोळा केलेल्या वर्गणीपेक्षा जास्त रक्कम वाचेल.

कायद्याचं भान हवं. एखाद्या व्यक्तीच्या नावाने गोळा केलेल्या पैशावर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. ती ५०१(सी)(३) संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, आणि अशा संस्थेला एकाच ठरलेल्या माणसासाठी पैसे गोळा करता येत नाहीत. लाभार्थींचा गट खुला हवा, गरज तपासल्याची नोंद हवी, निर्णयाचा ताबा संस्थेकडे हवा. इंटरनेटवरच्या आवाहनाचाही खर्च असतो. गोफंडमीवर प्रत्येक देणगीतून २.९ टक्के आणि वर ३० सेंट कापले जातात, म्हणजे दहा डॉलरमधले ५९ सेंट गेले. शिवाय ज्याला सरकारी एसएसआयचा आधार आहे त्याच्या खात्यात एकदम पैसे आले आणि शिल्लक २,००० डॉलरच्या वर गेली, तर तो आधार थांबू शकतो. मदत करताना मदतच घातक ठरू नये.

आक्षेप येतील. ‘चांगला विमा घेतला नाही ही त्यांची चूक, आम्ही का भरायचं?’ चूक असेलही. पण चुकीची शिक्षा म्हणून घर मोडावं, असं आपण स्वतःच्या भावाबद्दल म्हणत नाही. ‘फसवणूक होते.’ होते, आणि ती इंटरनेटवरच्या अनोळखी आवाहनांत अधिक होते. तिघांनी समोर बसून कागद पाहिले की कमी होते. ‘लोकांना सवय लागेल.’ अचानक मरण्याची किंवा आजारी पडण्याची सवय कुणाला लागल्याचं ऐकिवात नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप आपल्याच पुरोगामी मित्रांचा आहे. ते म्हणतात, अशा निधींनी मूळ प्रश्न झाकला जातो. आरोग्य हा हक्क आहे, तो वर्गणीवर चालवू नका. हे म्हणणं आम्हाला मान्य आहे, म्हणूनच तिसरी पायरी. मुंबईत २०२१ साली एका तान्ह्या मुलीच्या दुर्मीळ आजारावरच्या इंजेक्शनसाठी १६ कोटी रुपये लागणार होते. जगभरच्या लोकांनी ते जमवले. त्यावर आयात शुल्क आणि जीएसटी मिळून सुमारे ६ कोटींचा कर बसत होता, तो बोभाटा झाल्यावर केंद्र सरकारने माफ केला. तिथेच थांबलं असतं तर ती एका घराची कृपा ठरली असती. पण १ एप्रिल २०२३ पासून, राष्ट्रीय धोरणात नोंद असलेल्या दुर्मीळ आजारांवरची औषधं स्वतःच्या वापरासाठी आणणाऱ्या सगळ्यांनाच आयात शुल्क माफ झालं. एकाला मिळालेली सूट सगळ्यांचा नियम झाली. १६ कोटींचा भार त्याने हलका होत नाही, पण दिशा हीच आहे. प्रत्येक मदतफेरीच्या शेवटी हा प्रश्न विचारायलाच हवा : हे पत्र पुन्हा लिहावं लागू नये म्हणून कोणता नियम बदलायला हवा?

अमेरिकेत हा प्रश्न विचारायची ताकद आपल्यापैकी पुष्कळांकडे आहे. जे नागरिक आहेत ते मत देऊ शकतात. जे नाहीत तेही आपल्या काँग्रेस सदस्याला पत्र लिहू शकतात, काउंटीच्या सभेत बोलू शकतात, गावातल्या ना-नफा हॉस्पिटलचं साहाय्य धोरण मागवून ते लोकांपर्यंत पोहोचवू शकतात. करसवलत घेणाऱ्या हॉस्पिटलने कर्जदारांवर खटले का भरावेत, हा प्रश्न गावपातळीवर विचारता येतो. सर्वांसाठी सार्वजनिक आरोग्य विम्याची मागणी ‘त्यांची’ नाही, आपलीही आहे. चांगल्या पगाराच्या नोकरीचा विमा हा आपला हक्क नसून मालकाची मर्जी आहे, हे ले-ऑफच्या प्रत्येक लाटेने आपल्याला दाखवून दिलं आहे.

दोन्ही कामं एकदमच करायची. आज ज्याच्या दारी बिल आलं आहे त्याला ‘कायदा बदलेपर्यंत थांब’ म्हणता येत नाही. आणि केवळ वर्गणी काढत राहिलो तर कायदा कधीच बदलणार नाही.

तर विनंती अशी. आपल्या गावात निधी सुरू करायची तयारी असेल तर कळवा. ‘बिल वाचणारे सोबती’ व्हायचं असेल तर जरूर कळवा. आणि आज तुमच्याच घरात असं बिल टेबलावर पडलेलं असेल, तर तेही कळवा. नाव गुप्त राहील. मूठ झाकून ठेवल्याने ती सव्वा लाखाची होत नाही, आणि हात उघडल्याने कुणी लहान होत नाही.

आपल्या पत्रांची वाट पाहतो.

— संपादक मंडळ